कॅम्पर व्हॅनमधला हीटर: लहान घ्या, जोरात चालवा

थंडीत व्हॅनमध्ये मुक्काम करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, हीटर किती किलोवॉटचा घ्यायचा? आणि बहुतेक जण "असू दे जरा मोठाच, कमी करून चालवता येतो" असं म्हणत पाच किलोवॉटचा डिझेल हीटर आणतात. पुढच्या निम्म्या कटकटी तिथेच सुरू होतात. काजळी धरणं, सकाळी पेट न घेणं, पांढरा धूर, रात्री मधेच बंद पडणं, या सगळ्याचं मूळ बऱ्याचदा एकच असतं: गरजेपेक्षा मोठा हीटर महिनोन् महिने मंद आचेवर चालवलेला असतो. म्हणून खरेदीच्या आधी हिशेब.

मध्यम लांबीची, उंच छताची व्हॅन धरू. काचा सोडून आतला पत्रा साधारण ३० चौरस मीटर, काचा ३ चौरस मीटर. बाहेर उणे ५ अंश, आत १८ अंश हवेत, म्हणजे फरक २३ अंशांचा. नुसत्या पत्र्यातून दर चौरस मीटरमागे, दर अंशाला साधारण साडेपाच वॉट उष्णता निसटते. गुणाकार केला तर ३.८ किलोवॉट फक्त पत्र्यातून. आता त्याच पत्र्याला २५ मिमी जाडीचा, बंद पेशींचा फोम लावा. गळती दर अंशाला १.१ वॉटवर येते, म्हणजे एकूण ७६० वॉट. पत्र्यामागच्या लोखंडी फासळ्यांमधून निसटणारी धरून हजार म्हणा. उघड्या काचांमधून ४०० वॉट जातात, काचांना फोमचे पडदे नीट बसवले तर दीडशेच्या आत येतात. खेळती हवा ठेवायला (ती ठेवावीच लागते, त्याबद्दल पुढे) आणखी २३० वॉट. बेरीज १.४ किलोवॉट.

म्हणजे उणे ५ अंशांतही दोन किलोवॉटचा हीटर सत्तर टक्क्यांवर चालेल. डिझेल हीटरला हेच मानवतं. पाच किलोवॉटचा मात्र याच व्हॅनमध्ये अर्धा वेळ तळाच्या पायरीवर रखडत राहील. बाहेर ५ अंश असतील तर गरज ८०० वॉटच्या आसपास येते, आणि तेव्हा तर मोठ्या हीटरला धड जळायलाच मिळत नाही. इन्सुलेशन नसलेल्या व्हॅनमध्ये मोठा हीटर लागेल हे खरं, पण तिथे पैसे हीटरवर घालण्याआधी फोमवर घालावेत, हे माझं ठाम मत.

फोमबद्दल दोनच गोष्टी. एक, तो पत्र्याला पूर्ण चिकटलेला हवा. मागे पोकळी राहिली की आतली दमट हवा तिथे शिरते आणि पत्र्याला घाम फुटतो. ग्लासवूलसारखी सामग्री ही ओल पिऊन बसते, आणि पत्रा मागून गंजत जातो तो दिसतही नाही. दोन, फासळ्या उघड्या सोडू नका. लोखंड लाकडापेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. प्रत्येक उघडी फासळी म्हणजे थंडीला आत यायची वाट, त्यावरूनही ५–६ मिमीचा पातळ फोम गेलाच पाहिजे. चंदेरी बबल शीट पत्रा आणि प्लायवूडमध्ये दाबून बसवली तर तिचा काही उपयोग नाही, चकाकत्या बाजूसमोर हवेची मोकळी जागा असेल तरच ती उष्णता परतवते. ड्रायव्हर केबिन सगळ्यात गळकी असते, सीटच्या मागे छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा लावा. तेवढ्यानेच हीटर एक पायरी खाली येतो.

इंधन कुठलं

वीज हा पर्याय आधी बाजूला काढू. १.४ किलोवॉट आठ तास म्हणजे ११ युनिटांहून थोडं जास्त. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी देते सव्वा युनिट. एका रात्रीला नऊ बॅटऱ्या लागतील. बाहेरून वीजजोडणी असेल तर छोटा पंखेवाला हीटर उत्तम, बॅटरीवर मात्र नाही. त्याउलट एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते. हीटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी रात्रभराचं काम दीड लिटरच्या आत भागतं. पंखा, पंप आणि कंट्रोलर मिळून चालू असताना एक ते दोन अँपिअर घेतात, तेव्हा रात्रीत साधारण १५ अँपिअर-तास जातात. बॅटरीवर काही चालवायचंच असेल तर १२ व्होल्टची गरम चादर घ्या. ती चार-पाच अँपिअरमध्ये अंथरूण उबदार ठेवते, हीटर त्या वेळात खालच्या तापमानावर ठेवता येतो.

स्वयंपाकाची गॅस शेगडी पेटवून व्हॅन गरम करायची नाही. यावर चर्चा नको. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने त्याच हवेत सुटतं. दीड किलोवॉटचा बर्नर तासाभरात दोनशे ग्रॅमच्या जवळपास पाणी हवेत सोडतो. त्याहून वाईट म्हणजे बंद जागेत ऑक्सिजन कमी झाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उघड्या ज्वाळेचे किंवा तापलेल्या जाळीचे छोटे गॅस हीटर याच पंक्तीतले.

गॅसवरच चालवायचं असेल तर हवा बाहेरून घेऊन धूर बाहेर सोडणारा, आतून पूर्ण बंदिस्त असलेला हीटर घ्या. तो शांत चालतो, काजळी नगण्य. अडचण सिलिंडरची. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वाफ होणं थांबवतो, त्यामुळे गोठणबिंदूच्या खाली ब्युटेनचा सिलिंडर भरलेला असूनही हीटर विझतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. थंडीत प्रोपेनच.

बसवताना

डिझेल हीटर आडवा, व्हॅनच्या तळावर, हवा जाण्याच्या दिशेवरचा बाण पाहून बसवतात. खालून तीन नळ्या बाहेर जातात: डिझेलची, जळणासाठी हवा आत घेणारी आणि धुराची. भोक पाडण्याआधी व्हॅनखाली झोपून बघा, ब्रेकची नळी, वायरिंग, चासीचा आडवा दांडा कुठे आहे ते. भोकाच्या कडेला प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. जमीन लाकडाची किंवा नालीदार असेल तर खाली सपाट धातूची प्लेट हवी, कारण हीटरच्या बुडाचं गॅस्केट सपाट पृष्ठभागावरच बसतं. ते नीट दाबलं गेलं नाही तर खालचा धूर आत येण्याची वाट मोकळी राहते. हीटरचं आवरण वाकडं आवळलं गेलं तर आतला पंखा घासतो. बसवल्यावर पंखा बोटाने फिरवून बघा, मोकळा फिरला पाहिजे.

धुराच्या नळीचा एकही जोड व्हॅनच्या आत असता कामा नये. स्टेनलेसची नळी, दोन्ही टोकांना क्लॅम्प, सायलेन्सर बसवायचा तर तो बाहेर. नळी उतरती ठेवा, आणि सगळ्यात खालच्या जागी दोन-तीन मिमीचं भोक पाडा. जळणातून पाणी तयार होतं, ते साचलं आणि गोठलं तर हीटर गुदमरतो. तोंड एका बाजूला, गाडीच्या कडेपर्यंत नेऊन सोडा. ते गाडीखाली मधेच सोडलं तर धूर तळाच्या फटींतून वर येतो. हवा घेणारी नळी धुराच्या तोंडापासून लांब आणि चाकांच्या चिखलापासून वाचवलेली असावी. बर्फ पडत असेल तर झोपण्याआधी आणि रात्री एकदा उठून दोन्ही तोंडं मोकळी आहेत का ते पाहा. डांबर लावलेल्या तळाजवळून, प्लास्टिकच्या टाकीजवळून नळी जात असेल तर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा.

डिझेलच्या बाजूला लोक घाई करतात आणि मग महिनाभर त्रास काढतात. टाकीत वरून उभी नळी सोडायची, तिचं टोक तिरकं कापलेलं, बुडापासून २५–३० मिमी वर. त्यामुळे तळचा गाळ ओढला जात नाही. मग फिल्टर, मग पंप. पंप टाकीच्या जवळ हवा, कारण त्याला ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं जातं. तो आडवा ठेवू नका. बाहेर सोडणारं तोंड वर करून, किमान १५ अंश, शक्य असेल तर ३०–४० अंश तिरका लावा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकून न राहता पुढे निघून जातात. पंप ठोक्याठोक्याने डिझेल सोडतो, रबरी पट्ट्यावर टांगला की त्याची टिकटिक आत कमी ऐकू येते. नळी आतून दीड-दोन मिमीची, कडक नायलॉनची घ्या. सोबत बऱ्याचदा येणारी मऊ, रुंद नळी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि मापून आलेलं डिझेल विस्कळीत होतं. जोडावर दोन कडक नळ्यांची टोकं रबरी तुकड्याच्या आत एकमेकींना भिडलेली असावीत. मधे पोकळी राहिली तर बुडबुडा तिथेच वाढतो, आणि तो ज्वाळेपर्यंत पोहोचला की हीटर एक आचका देतो किंवा विझतो.

आता वीज. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) आठ ते दहा अँपिअर घेतो. बॅटरी चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबं होतं. दीड चौरस मिमीच्या वायरमध्ये १० अँपिअरला सुमारे ०.९ व्होल्ट गळतात, चार चौरस मिमीच्या वायरमध्ये ०.३५. थंडीत दमलेली लेड-अॅसिड बॅटरी या भाराखाली ११.४ वर येते. त्यातून ०.९ वजा केले की हीटरच्या टोकाला साडेदहा उरतात आणि कमी व्होल्टेजची खूण दाखवून तो थांबतो. बॅटरी चांगली, हीटर चांगला, दोष वायरचा. मल्टिमीटर हीटरच्या प्लगजवळ लावून, ग्लो चालू असताना मोजा. बॅटरीच्या टोकाला मोजलेला आकडा यात काही सांगत नाही. फ्यूज बॅटरीजवळ, माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाचा. आणि हीटरच्या वायरमध्ये असा स्विच मुळीच नको ज्याने चालत्या हीटरची वीज एका झटक्यात तुटेल. बंद केल्यावर पंखा काही मिनिटं फिरत राहून ज्वलनकक्ष थंड करतो. ते तोडलं की आतली उष्णता मोटर आणि सर्किट बोर्डावर जाते.

गरम हवेच्या नळीचं माप कमी करू नका. हीटरचं तोंड ६० मिमीचं असेल तर नळीही ६० चीच. पहिला फूट-दीड फूट फार तापतो, तिथे प्लास्टिकचं वळण किंवा कापडाजवळची जागा टाळा. एखादी फांदी पाण्याच्या टाकीकडे आणि बॅटरीच्या कप्प्याकडे काढली तर दुहेरी फायदा: नळ गोठत नाहीत, आणि लिथियम बॅटरी शून्याच्या वर राहते. शून्याखाली ती चार्ज केली तर कायमची खराब होते.

इथे एक चूक फार घरांत, म्हणजे फार व्हॅनमध्ये दिसते. हीटर सीटखालच्या बंद खोक्यात असतो आणि तापमान मोजणारा सेन्सर त्याच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी. खोकं स्वतःच्या उष्णतेने तापतं, सेन्सरला वाटतं व्हॅन २५ अंशांवर गेली, आणि हीटर आच कमी करतो. तुम्ही मात्र कुडकुडत बसलेले. हवा व्हॅनमधून मोकळेपणी ओढली जाईल अशी जाळी खोक्याला द्या, गरम हवेच्या तोंडापासून ती लांब ठेवा. कंट्रोलरमध्ये सोय असेल तर सेन्सर झोपण्याच्या उंचीवर, भिंतीपासून जरा सुटा, न्या.

ओल

उबेइतकीच कोरडेपणाची काळजी घ्यावी लागते. झोपलेला माणूस तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी श्वासातून आणि त्वचेतून सोडतो. दोघांचे आठ तासांत सहाशे ग्रॅमहून जास्त. व्हॅनमधली ११ घनमीटर हवा १८ अंशांना फार तर १७० ग्रॅम वाफ धरते. उरलेलं पाणी कुठे जाणार? १८ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १० अंशांवर असतो. बाहेर उणे ५ असताना उघड्या एकेरी काचेची आतली बाजू एखाद-दुसऱ्या अंशावर असते. सगळं पाणी तिथे. फोम लावलेली भिंत १४–१५ अंशांवर, म्हणून ती कोरडी.

म्हणूनच छताचा व्हेंट बोटभर उघडा आणि खाली कुठेतरी हवा आत यायची वाट. शून्य अंशांची, पूर्ण भिजलेली दिसणारी हवासुद्धा एका घनमीटरमागे जेमतेम ४.८ ग्रॅम पाणी आणते. तीच १८ अंशांना तापवली की आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास येते. तासाला २० घनमीटर हवा बदलली की दोघांच्या श्वासाचं पाणी बाहेर निघून जातं. बाहेर शून्य अंश असताना याला दीडशे वॉटही लागत नाहीत. फटी बुजवून उष्णता वाचवणारे हेच दीडशे वॉट वाचवतात आणि गादीखाली बुरशी पोसतात. गादीखाली फळ्यांची जाळी किंवा हवा खेळेल असं काही घाला. गादी थेट प्लायवूडवर असेल तर बाकी सगळं करूनही ती ओल धरते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, हीटर कितीही बंदिस्त असला तरी. युरोपातल्या मानकाचा "EN 50291-2" (ईएन ५०२९१-२) असा मार्क त्यावर शोधा, तो राहत्या वाहनांसाठीचा आहे. हा वायू हवेच्याच वजनाचा, त्यामुळे अलार्म उशाच्या उंचीजवळ. गॅसगळतीचा वेगळा, आणि तो जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. अलार्मच्या पाठीवर मुदत छापलेली असते, ती संपली की आवाज येत असला तरी बदला.

चालवताना, आणि बिघडल्यावर

मंद आचेवर ज्वलनकक्ष पुरेसा तापत नाही. डिझेलचे थेंब अर्धवट जळतात आणि कार्बन बर्नरवर, ग्लो प्लगच्या जाळीत, हीट एक्सचेंजरच्या (ज्वाळेची उष्णता हवेला देणाऱ्या भागाच्या) पातळ पात्यांमध्ये साठत जातो. जाळी बंद झाली की डिझेल प्लगपर्यंत पसरत नाही आणि हीटर पेटायला उशीर लावतो. रोज एकदा वीस-तीस मिनिटं पूर्ण ताकदीने चालवा, आणि बंद करण्याआधीची शेवटची दहा-पंधरा मिनिटंही वरच्याच पायरीवर. रात्री अगदी खालच्या पायरीवर घसरत असेल तर व्हेंट जरा जास्त उघडा. हीटरला काम मिळतं आणि हवाही कोरडी राहते.

उंचीवर हवा विरळ होते. २,००० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या ७८ टक्के, ३,००० मीटरवर ७० च्या जवळ. पंप मात्र तेवढंच डिझेल सोडतो, म्हणून काळा धूर आणि काजळी. नव्या हीटरमध्ये उंची ओळखून पंपाचे ठोके कमी करणारी सोय असते. जुन्यात ती नसेल तर उंचावरचा मुक्काम संपवून खाली आल्यावर तासभर जोरात चालवून काजळी जाळून टाका.

धूर वाचायला शिका. सुरू होताना थोडा पांढरा धूर चालतो, तो न जळलेल्या डिझेलची वाफ. पाच मिनिटांनंतरही येत राहिला तर ग्लो प्लग कमकुवत आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: हवेच्या नळीत कोळ्याचं जाळं, माती, किंवा बसलेली काजळी. टिकटिक ऐकू येते पण पेटत नाही, तर नळीत हवा आहे का ते पारदर्शक नळीतून बघा. टिकटिकच नसेल तर पंपाचा प्लग. कडक थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर बंद होतो. त्यावर हिवाळी प्रतीचं डिझेल हाच खरा उपाय, आणि ते गोठण्याआधी टाकीत असायला हवं. फिल्टर गच्च झाल्यावर घालून उपयोग होत नाही.

दोनदा पेटायचा चुकला की तिसऱ्यांदा बटण दाबू नका. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात डिझेल कक्षात साचतं. ते एकदम पेटलं तर धुराच्या नळीतून ज्वाळा निघू शकते. कारण शोधा, मगच पुढचा प्रयत्न.

पंपावर शंका असेल तर ती मोजून मिटवता येते. हीटरकडची नळी काढून मापाच्या नळकांड्यात सोडा आणि कंट्रोलरवरून पंप भरण्याचा पर्याय चालू करून २०० ठोके मोजा. पंपावर ठोक्याला ०.०२२ मिली असं लिहिलं असेल तर ४.४ मिली जमायला हवं. आधी नळीतली हवा निघून जाऊ द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. बरंच कमी आलं तर फिल्टर आणि ओढणारी नळी आधी, पंप नंतर. जास्त आलं तर पंपच बदलावा लागतो. आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हीटर पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवा, नाहीतर पंपातलं डिझेल चिकट होतं आणि पहिल्या थंडीच्या रात्री तो ठोका देत नाही.